उचल, बॅज आणि पहाटेची बस: एका ट्रक ड्रायव्हरचं प्रकरण

निफाड तालुक्यातल्या एका बाजारगावात मी सेवा केंद्र चालवतो. बोर्डावर 'आपले सरकार' लिहिलेलं असलं तरी लोकांच्या तोंडी ते अजून 'सेतू'च आहे. उत्पन्नाचे दाखले, आरटीओचे अर्ज, पीएफची केवायसी, पीकविमा, जे येईल ते. या टेबलावरून ड्रायव्हर लोकांची घरं बरीच दिसतात. ड्रायव्हर स्वतः क्वचित येतो. त्याची बायको येते, प्लास्टिकच्या फाइलमध्ये त्याचे सगळे कागद घेऊन.

हे प्रकरण अशाच एका घराचं. नाव, गाव, शेठचं नाव घातलेलं नाही. नवरा-बायको दोघांना विचारून लिहितोय, आणि रकमा वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, वहीतल्या आहेत, थोड्या गोल केलेल्या. लिहायचं कारण इतकंच की ड्रायव्हरला "लाइन सोड, इकडेच काहीतरी बघ" असं सांगणारे चौकाचौकात भेटतात. पण महिन्यातले सव्वीस दिवस जो माणूस तालुक्यातच नसतो त्याने 'बघायचं' कधी, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच आहे. त्याला काम मिळत नव्हतं असं नाही. काम मिळवायला जे चार-सहा दिवस गावात असावं लागतं, ते त्याच्याकडे नव्हते.

माणूस, गाडी आणि वही

२०२४ च्या सुरुवातीला तो ४१ वर्षांचा होता. नववीनंतर शाळा सुटली. किन्नर (ट्रकवरचा क्लीनर) म्हणून लाइनीत शिरला, उस्तादाच्या हाताखाली ताडपत्र्या बांधत, टायरवर टॉमी मारून हवेचा अंदाज घेत तीन-चार वर्षं काढली आणि मग स्टिअरिंगवर बसला. हेवी गाडी चालवून एकोणीस वर्षं झालेली. शेवटची आठ वर्षं पिंपळगाव बसवंतच्या एकाच शेठकडे. शेठच्या तीन चौदा टायर गाड्या आणि कांद्याचे कंटेनर न्हावा शेवा बंदराला नेणारे दोन ट्रेलर. घरी वडील, बायको, दहावीतला मुलगा, सहावीतली मुलगी. जमीन एकराच्या आत. वहिनी द्राक्षाच्या हंगामात बागेत कामाला जातात. छाटणीपासून डिपिंग, विरळणी आणि शेवटी पॅकहाउस.

त्याची नेहमीची लाइन म्हणजे पिंपळगाव-लासलगावचा कांदा भरून बेंगळुरूचं यशवंतपूर मार्केट. हजार किलोमीटरच्या वर. सिन्नर, संगमनेर, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर. कांदा नाशवंत, त्यामुळे जाताना घाई. गाडी खाली झाली की मात्र काही घाई नाही. परतीचं भाडं मिळेपर्यंत होसूरच्या नाहीतर बेंगळुरूच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसबाहेर दोन-तीन दिवस पडून राहायचं, मग चाकणला काहीतरी माल टाकून घरी. एका चकरेला आठ-नऊ दिवस. मध्ये एखादा दिवस घरी, त्यात अर्धा झोपेत.

पूर्वी गाडीवर किन्नर असायचा. आता नसतो, शेठला परवडत नाही म्हणे. आठ तासांची ड्यूटी आणि पाच तासांनंतर विश्रांती हे मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्यात १९६१ पासून लिहिलेलं होतं. यशवंतपूरच्या वाटेवर ते वाचलेला कोणी मला भेटलेला नाही.

पैशांचं बोलायचं तर लोक ड्रायव्हरची कमाई चकरेवर मोजतात, तो स्वतःही तशीच मोजायचा. "तीन चकरा झाल्या की सव्वीस हजार," हे त्याचं वाक्य. पगार १४,०००, प्रत्येक चकरेला खर्ची (वाटखर्च) ४,०००. तीन चकरा झाल्या तर २६,००० बरोबर. पण रस्त्यावरचं जेवण, चहा, आंघोळ, मोबाइल, पार्किंगवाल्याला दहा-वीस, यात साडेसात हजार जायचे. घरी यायचे साडेअठरा. हे चांगल्या महिन्याचं. भाव पडला, मार्केट बंद राहिलं, गाडी उभी राहिली की शेठ पगार अर्धा करायचा. मग ७,००० अधिक एका चकरेचे ४,०००, त्यातून खर्च वजा जाता घरी साडेआठ.

वहिनींनी २०२३ ची अख्खी वही माझ्यासमोर ठेवली. सात महिने चांगले, चार उतरते, आणि एक महिना शून्य, कारण इंजिनचं काम निघालं होतं. बेरीज १,६३,५००. बाराने भागले तर महिना १३,६२५. हा आकडा कॅल्क्युलेटरवर आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊ, परत करा बरं एकदा." परत केला. तोच आला.

आणखी एक बाब वहीत नव्हती, ती त्याने नंतर फोनवर सांगितली. पूर्वी चकरेला निघताना शेठ टोल आणि डिझेलची रोकड हातात द्यायचा. गाडी नीट चालवली, अ‍ॅव्हरेज चांगलं काढलं की डिझेलमध्ये चार पैसे सुटायचे. ही वरची कमाई सगळ्यांना ठाऊक होती आणि शेठ लोकही तिच्याकडे काणाडोळा करायचे, कारण तिच्या जोरावर पगार कमी ठेवता यायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, डिझेलला कार्ड आलं, गाडीला जीपीएस बसला. चोरी थांबली म्हणा हवं तर. पगार मात्र तिथेच राहिला. ड्रायव्हरची मिळकत घटली ती अशी, कोणी एक रुपया कापला नसताना.

डिसेंबर ते फेब्रुवारी

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावात लिलाव बंद पडले, रस्ता रोको झाले, ते पेपरात आलं. पेपरात जे आलं नाही ते असं: शेठच्या दोन्ही ट्रेलरचं न्हावा शेव्याचं काम थांबलं, आणि ट्रेलरवरचे ड्रायव्हर इकडच्या गाड्यांवर आले. तीन गाड्या, पाच ड्रायव्हर, पाळीपाळीने चकरा. आमचा माणूस महिन्याला एका चकरेवर आला.

त्यातच १ जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतून इंधनाचे टँकर निघेनात, पंपांवर रांगा लागल्या. दोन दिवसांत ते मिटलं, पुढे ते उपकलम लागूही झालं नाही. पण घराघरांत 'दहा वर्षं कैद' हा शब्द व्हॉट्सअ‍ॅपवरून पोहोचला होता. वहिनी माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या या आठवड्यात. त्यांना कलमाबद्दल काही विचारायचं नव्हतं. "यांच्यासाठी इकडे काही असेल तर बघा. रोज घरी येईल असं," एवढंच.

फाइल उघडली. लायसन्सची झेरॉक्स, लॅमिनेट केलेली आणि त्यामुळे मधला नंबर पुसटलेला. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जूनमधली. आधारवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगने, लायसन्सवर दुसऱ्या. ई-श्रम कार्ड होतं. पीएफचा कागद एकही नाही. एकोणीस वर्षं काम केलेल्या माणसाकडे, त्याने काम केलं याचा एकही कागद नव्हता. अनुभवाचं पत्र मागितलं की शेठ म्हणायचा, "माझा फोन नंबर दे त्यांना, मी सांगतो ना."

काम शोधायचे प्रयत्न त्याने याआधीही केले होते. नाशिकच्या अंबड-सातपूरला कंपन्यांच्या बस चालवणारे ठेकेदार आहेत, त्यांचे ग्रुप आहेत, जाहिराती फिरत असतात. फोन करायचा. समोरचा म्हणायचा, "उद्या सकाळी दहाला ओरिजनल कागद घेऊन या, ट्रायल घेऊ." हा तेव्हा तुमकूरच्या पुढे. चार दिवसांनी परत फोन केला की जागा भरलेली. एकदा तर गाडी खाली करून, परतीच्या भाड्याची वाट न बघता बसने यायचं त्याच्या मनात आलं. शेठने विचारलं, "आणि गाडी कोण आणणार?" त्याला उत्तर नव्हतं.

कोणतं काम

चार वाटा होत्या. दोन लवकर मिटल्या.

एसटीत चालकाला दहावी लागते. फॉर्म नंबर १७ भरून बाहेरून दहावीला बसता येतं, मी सुचवलं, मुलाबरोबर बापही परीक्षेला असं म्हणून घरात हसणं झालं आणि विषय तिथेच राहिला. फोर्कलिफ्टचं काम पॅकहाउसमध्ये होतं, पण हंगामी. एप्रिलनंतर ते घरी पाठवतात.

तिसरी वाट त्याला मनापासून हवी होती: स्वतःची पिकअप. भाजीपाला भरून रात्री वाशीला, सकाळी परत. मालक आपणच. आमच्या भागात दर दुसऱ्या ड्रायव्हरचं हे स्वप्न असतं आणि फायनान्सवाल्यांना ते पाठ आहे. मी कागदावर मांडून दाखवलं. आठ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के धरले तर हप्ता साधारण १७,४००. वर विमा, टायर, डिझेल. हप्ता दर महिन्याला त्याच तारखेला येतो. टोमॅटोचा भाव पडलाय की पाऊस लागलाय हे त्याला कळत नाही. ज्या घराला आत्ताच वर्षातले पाच महिने ओढाताण आहे, त्या घराने अजून एक चढउताराचा धंदा डोक्यावर घेऊन 'स्थिर' कसं व्हायचं? मी स्पष्ट नको म्हणालो. तो आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

उरली कंपनीची बस. पगार ऐकून त्याचा चेहरा पडला. एकूण १६,५००. त्यातून पीएफ १,८००, ईएसआय (कामगाराच्या आणि त्याच्या आश्रितांच्या उपचारांचा विमा) १२४, व्यवसाय कर २००. हातात १४,३७६. डबा, चहा आणि पिंपळगावपर्यंत मोटारसायकलचं पेट्रोल असे अडीच हजार वजा केले तर ११,८७६. वहीतल्या १३,६२५ पेक्षा महिन्याला साडेसतराशेने कमीच.

इथे वहिनींनी विचारलेला प्रश्न मला आजही पटतो: "मग पीएफचे अठराशे कुणाचे?" त्याचेच. आणि तेवढेच ठेकेदाराने घालायचे, त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात. ४१ व्या वर्षी सुरू करून ५८ पर्यंत सतरा वर्षं खंड न पडता भरले, तर आजच्या सूत्राने पेन्शन महिना साधारण ३,६४० बसते. फार नाही. पण त्याच्या वडिलांना, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या बागेत काम केलं, तेवढंही नाही. शिवाय ईएसआय. वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं होतं, आणि सगळी गोम त्या ऑपरेशनमध्येच होती.

उचल

ऑपरेशनला शेठने ६०,००० दिले होते. व्याज नाही, लिखापढी नाही. चकरेगणिक हजार-दीड हजार वळते व्हायचे. जानेवारी २०२४ ला ३४,००० बाकी. (वरच्या हिशेबात ही कपात धरलेली नाही, ते देणं आहे, खर्च नाही.)

शेठला मी खलनायक करणार नाही. रात्री अकरा वाजता हॉस्पिटलमध्ये पैसे आणून देणारा तोच होता, बँक नव्हती. त्याचेही गाड्यांचे हप्ते आहेत, निर्यातबंदीत त्याचेही ट्रेलर दारात उभे होते. पण बिनव्याजी उचल असेपर्यंत ड्रायव्हर पगार वाढवून मागत नाही, चकरेला नाही म्हणत नाही, आणि मुलाखतीला सुट्टी तर मागतच नाही. व्याज नाही म्हणून ती स्वस्त वाटते. मला विचाराल तर या घराने घेतलेलं सगळ्यात महागडं कर्ज ते होतं.

म्हणून क्रम ठरवला. आधी कागद, मग उचल, मग नोकरी. नोकरी आधी शोधली असती तर कागदात अडकली असती, कागद झाले असते तरी उचलीत अडकली असती.

कागदांत मोठं काम बॅजचं. बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं: एकोणीस वर्षं चौदा टायर चालवलेला माणूस, बॅज नसेल तर प्रवासी बस चालवू शकत नाही. माल नेणं वेगळं, माणसं नेणं वेगळं. बॅजला डॉक्टरचा दाखला, पोलीस पडताळणी आणि नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत हजेरी. पडताळणी तर अर्जदार घरी भेटला पाहिजे. कांद्याच्या मंदीने गाडी दारात उभी होती, ते इथे कामाला आलं. जे दिवस घर 'बेकार' म्हणून मोजत होतं, त्याच दिवसांत आधारची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून दुरुस्त झाली, स्पेलिंग जुळली, बॅजचा अर्ज गेला. लायसन्स डिजीलॉकरवर घेतलं. २०१८ पासून ते रस्त्यावर चालतं, त्यामुळे ओरिजनल वहिनींच्या फाइलमध्ये ठेवता आलं. कर्नाटकात एका नाक्यावर हवालदार ऐकेना तेव्हा जरा वाजलं, पण सुटला.

पडताळणी मात्र रखडली. लोकसभेची आचारसंहिता लागली, पोलीस बंदोबस्तात; आमच्या दिंडोरी मतदारसंघात २० मे ला मतदान होतं. आणि नेमकं ४ मे ला कांद्याची निर्यात खुली झाली.

पिंपळगावात एका आठवड्यात वातावरण पालटलं. ट्रेलर सुटले, ड्रायव्हर कमी पडू लागले. शेठने पगार १४ वरून १७ हजार केला. २७ मे ला दहावीचा निकाल लागला, मुलगा चांगल्या मार्कांनी पास झाला, आणि संध्याकाळी शेठ पेढे घेऊन घरी. "अकरावीला नाशिकला घाला पोराला. पन्नास हजार लागतील ना, घेऊन जा." नवी उचल.

त्या रात्री त्या घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः केंद्रात आला, टेबलावर हाताने रेघोट्या ओढत बसला. म्हणाला, "सतरा हजार अधिक खर्ची, भाऊ. बसचे साडेसोळा." मी काही बोलण्याआधीच मागून वहिनी म्हणाल्या, "डिसेंबरात परत बंद झाली तर शेठ सतराच देणार का, विचारलंत का?" त्याने विचारलं नव्हतं. पन्नास हजार घेतले नाहीत. मुलाला पिंपळगावातच अकरावीला घातलं.

जूनपर्यंत चकरा करून उचल २५,००० वर आणली. उरलेले वहिनींनी बचत गटातून काढले, महिना एक टक्का व्याजाने. हिशेबाच्या भाषेत हा उलटा व्यवहार झाला, बिनव्याजी फेडायला व्याजाचं कर्ज. पण गट कुणाला यशवंतपूरला पाठवत नाही. शेठला पैसे देताना मी सांगितलं होतं, दोन ओळी लिहून घ्या. "उचल पूर्ण मिळाली" आणि "इतकी वर्षं आमच्याकडे हेवी वाहन चालवले". शेठला राग आला. लिहून मात्र दिलं. त्याच्या अनुभवाचा पहिला कागद तो.

बसवर

बॅज जूनच्या शेवटी हातात आला, जुलै २०२४ मध्ये अंबडच्या एका कारखान्याच्या बसवर तो लागला, ठेकेदारामार्फत. ट्रायलला मजा झाली. गाडी चालवण्यात प्रश्नच नव्हता, पण सिग्नलला त्याने ट्रकच्या सवयीने ब्रेक दाबला आणि सुपरवायझर पुढच्या सीटवर आपटता आपटता वाचला. "मागे कांदा नाही, माणसं आहेत," एवढं बोलून त्याने सही केली.

पहाटे सव्वापाचला पिंपळगावातून सुटायचं, सातच्या शिफ्टला लोक पोहोचवायचे, रात्रपाळीवाले घेऊन परत. मध्ये पाच तास मोकळे. दुपारी पुन्हा एक फेरी. दर तिसऱ्या आठवड्यात रात्रीची पाळी.

पहिले तीन महिने अवघड गेले, आणि कारण पैसा नव्हता. त्याला रात्री झोपच येईना. एकोणीस वर्षं रात्री गाडी आणि दिवसा केबिनमध्ये डुलकी. अंथरुणावर पाठ टेकली की डोळे उघडे. वहिनींच्या घरातही त्याची नीट जागा नव्हती. त्याच्याशिवाय घर व्यवस्थित चालत होतं: गॅस कुणी आणायचा, शाळेच्या सभेला कुणी जायचं, सगळं ठरलेलं. आता हा मधल्या पाच तासांत घरी, प्रत्येक गोष्टीत "हे असं का" विचारणारा. एकदा वहिनी मला वैतागून म्हणाल्या, "रोज घरी येईल असं काम बघा म्हटलं होतं, रोज घरीच बसेल असं नव्हतं म्हटलं." ते मोकळे पाच तास हा या नोकरीतला खरा दोष आहे आणि पगारपत्रकात तो दिसत नाही. दुसरी नोकरी धरता येत नाही इतके ते कमी, आणि नुसते घालवायला फार. द्राक्षाचा हंगाम आला तसा तो शेजारच्या बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवायला जाऊ लागला, तासावर. घर सावरलं ते तेव्हा.

पीएफवर मी पहिल्यापासून डोळा ठेवायला सांगितला होता. पगारातून कापतात म्हणजे भरतात असं नाही. ऑक्टोबरमध्ये पासबुक उघडलं तर दोन महिन्यांचे पैसे नव्हते. ठेकेदार म्हणाला, साइट बंद आहे. ठेकेदाराने नाही भरलं तर मूळ कंपनीची जबाबदारी असते, म्हणून त्याला सांगितलं, भांडू नकोस, कंपनीच्या एचआरकडे पासबुकची प्रिंट घेऊन जा, बरोबर आणखी दोन ड्रायव्हर ने. तिघे गेले. पुढच्या पंधरवड्यात दोन्ही महिने जमा झाले.

एप्रिल २०२५ ला ठेका बदलला. बस तीच, रूट तोच, ठेकेदार नवा. नव्या ऑफिसने सवयीने नवा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढायला घेतला होता. असं झालं की जुनी नोकरी आणि नवी नोकरी वेगळ्या मोजल्या जातात, आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षं कधीच पूर्ण होत नाहीत. जुना नंबर लेखी दिला, तोच चालू राहिला. ही बारीक गोष्ट आहे. पण ठेक्यावरच्या कामगाराचं 'स्थिर' असणं ठेकेदारात नसतं, त्या बारा आकडी नंबरात असतं. वडिलांना ईएसआयमध्ये आश्रित म्हणून घातलं, त्यांच्या तपासण्या आता तिथे होतात.

रस्ता पूर्ण सुटला का? नाही. दिवाळीत कारखाना बंद असतो तेव्हा त्याने जुन्या शेठची एक बेंगळुरू चक्कर मारली, रोखीवर. वहिनींनी अडवलं नाही. येताना फोन करून म्हणाला, होसूरला भाड्यासाठी दोन दिवस पडलोय, पण या वेळी मजा येतेय, कारण मनात आलं तर हे शेवटचं म्हणता येतं.

सध्या

सप्टेंबर २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी एसटीत सतरा हजारांवर चालक आणि सहाय्यकांची कंत्राटी भरती जाहीर केली, पगार साधारण तीस हजार. त्याने बातमी मला पाठवली, खाली एकच ओळ: "१७ नंबरचा फॉर्म कधी निघतो?" या वेळी घरात कोणी हसलं नाही. मुलगी आता आठवीत आहे आणि बापाला गणित शिकवायची तिची तयारी आहे. त्या भरतीत वयाची आणि बाकीची अट काय निघते त्यावर पुढचं. पण मी त्याला दहावी त्या जाहिरातीसाठी कर असं म्हणत नाही, पुढच्या कुठल्याही जाहिरातीसाठी कर म्हणतो.

दुसरीकडे शेठने नवा ट्रक बुक केलाय. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या अवजड ट्रकांना एसी केबिन बंधनकारक आहे. शेठचा निरोप आला: एसी गाडी, महिना बावीस हजार फिक्स, गाडी उभी राहिली तरी कपात नाही, महिन्याला सहा दिवस घरी. ऑफर वाईट नाही. नोव्हेंबरात चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. वहिनींनी निरोप्याबरोबरच उलट निरोप धाडला: हे सगळं कागदावर लिहून द्या, पीएफसकट, मग बघू. शेठकडे पाच-सातच माणसं, पीएफची सक्ती वीसवर असते, त्यामुळे तो नाही म्हणू शकतो. तीन आठवडे झाले, शेठचं उत्तर आलेलं नाही. पहाटेची बस सव्वापाचलाच सुटते.